बंदूक रिकामी आहे, हे कोणी ठरवायचे?

वाचकांचे प्रश्न : नेमबाजीच्या रेंजवरील सुरक्षा अधिकारी

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवल्यापासून या सदराकडे नेमबाजीविषयीची पत्रे वाढली आहेत. त्यांतील बहुतेकांचा विषय रायफल कोणती घ्यावी आणि मुलांना कोणत्या वयात या खेळात घालावे हाच असे. अलीकडे मात्र नेमबाजांच्या पाठीमागे उभ्या राहणाऱ्या माणसाविषयी, म्हणजे रेंज अधिकाऱ्याविषयी विचारणारी काही पत्रे आली असून त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत. उत्तरे देणारा मी स्वतः पुण्यातील रेंजवर वीसेक वर्षे हे काम करीत आलो आहे.

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा आमच्या भागातील एका खासगी रेंजवर १० मीटर एअर रायफलचा सराव करतो. रविवारी तेथे गर्दी होते, म्हणून पालकांपैकी दोघांनी रेंज अधिकारी म्हणून तयार व्हावे असे प्रशिक्षकांनी सुचवले आहे. मी बँकेत नोकरी करते आणि आजवर कधी बंदूक हातात धरलेली नाही. मला हे काम शिकता येईल का आणि नेमके काय शिकावे लागेल? (एक पालक, कोथरूड)

उत्तर : ताई, जरूर शिकता येईल. बंदूक कधी हातात धरलेली नाही ही या कामात अडचण नसून काही अंशी सोयच आहे, कारण ज्याला नेमबाजी येते त्याची नजर आपोआप टारगेटकडे वळते आणि रेंज अधिकाऱ्याची नजर तिकडे वळता कामा नये. त्याने पाहायचे ते नेमबाजांचे हात, बोटे आणि नळीचे तोंड. छर्रा कुठे लागला हे लेनवरचा इलेक्ट्रॉनिक पडदा सांगतो, प्रशिक्षक सांगतात आणि मूल तर घरी पोहोचेपर्यंत सांगत राहते. चौथ्या लेनमधल्या, म्हणजे नेमबाजीच्या चौथ्या पट्ट्यातल्या मुलाचे बोट आत्ता चापावर का आहे, हे विचारणारे मात्र त्या खोलीत तुमच्याखेरीज दुसरे कोणी नसते.

मी हे फजितीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका क्लबमध्ये मी आठ लेनच्या मागे एकटा उभा होतो. एका मुलाचे सलग नऊ ‘दहा’ लागले होते आणि पुढचाही लागतो का, या उत्सुकतेने मी त्याच्या पडद्यापाशी रेंगाळलो. तेवढ्यात वेळ संपली. मी ‘स्टॉप’ म्हटले, ‘अनलोड’ही म्हटले आणि सर्वांनी रायफली मेजावर ठेवल्या, पण शेवटच्या लेनमधल्या मुलीच्या रायफलीत, ती रिकामी असल्याची खूण म्हणून घालायची नारिंगी दोरी घातलेली नाही, हे मी पाहिले नाही. पिशवीत भरण्याआधी तिने सवयीने चाप ओढला आणि छर्रा मेजाची कड खरवडून छताच्या पत्र्यात गेला. कोणाला काही झाले नाही. ती मुलगी रडत रडत एवढेच सांगत राहिली की, तिला रायफल रिकामी वाटली होती. मलाही ती रिकामीच वाटली होती, आणि माझ्या वाटण्याला तर तिच्याइतकाही आधार नव्हता.

तेव्हा पहिला धडा हा की, बंदूक रिकामी आहे ही गोष्ट कोणी सांगितली म्हणून मान्य करायची नाही, ती डोळ्यांनी पाहायची. आयएसएसएफ या नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार नेमबाजी चालू नसताना प्रत्येक बंदूक रिकामी, तिचा बोल्ट किंवा छर्रा-गोळी भरण्याचा भाग उघडा आणि तिच्यात सेफ्टी फ्लॅग घातलेला असला पाहिजे. एअर रायफल आणि एअर पिस्तुलासाठी हा फ्लॅग म्हणजे ठळक रंगाची, बहुधा नारिंगी, दोरी असते आणि ती नळीच्या पूर्ण लांबीतून आरपार जावी लागते, म्हणजे दोन्ही टोकांना दिसते. दोरी आरपार दिसली म्हणजे आत छर्रा नाही, एवढा सोपा हा पुरावा आहे आणि त्याच्या जागी दुसरा कोणताही चालवून घेऊ नये.

दुसरा धडा आज्ञांचा. ‘लोड’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’ आणि ‘अनलोड’ हे शब्द जगभर हेच आहेत, म्हणून ते मराठीत आणण्याच्या फंदात आपण पडू नये. मूल उद्या दिल्लीला किंवा परदेशात खेळेल तेव्हा त्याच्या कानांना हेच शब्द ओळखीचे असले पाहिजेत. ‘स्टॉप’ म्हटल्यावर त्या क्षणी थांबायचे, चालू श्वासातला शेवटचा नेमसुद्धा सोडून द्यायचा आणि त्यानंतर अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून बंदुकीला हात लावायचा नाही, असा दंडक आहे. येथे नवख्या अधिकाऱ्याला हमखास गोंधळात टाकणारी एक बाब आहे. ‘स्टॉप’ ऐकू येईपर्यंत एखाद्या मुलाने छर्रा आत घातलेला असतो, आणि एअर रायफलीत एकदा बसवलेला छर्रा सहजासहजी मागे निघत नाही, तो उडवावा लागतो. अशा वेळी मुलाने नळी टारगेटच्या दिशेनेच ठेवून हात वर करावा, तुम्ही त्याच्याजवळ जावे आणि तुमच्या देखरेखीखाली त्याने तो छर्रा टारगेटच्या दिशेने किंवा त्यासाठी ठेवलेल्या डब्यात उडवावा. हात वर करणाऱ्या मुलाला ‘आधी का नाही लक्ष दिलेस?’ असे कधीही विचारू नका. तसे एकदा विचारले की पुढच्या वेळी ते मूल हात वर करणार नाही, छर्रा आत असलेली रायफल मुकाट्याने खाली ठेवील.

हे शिकण्याची रीत पुस्तकी नाही. जाणत्या अधिकाऱ्याच्या मागे उभे राहून आधी नुसते पाहावे, मग त्याच्या देखरेखीखाली दोन लेन सांभाळाव्यात आणि त्यानंतर पाच. स्पर्धांमध्ये साधारण पाच ते दहा लेनमागे एक रेंज अधिकारी नेमावा असा संकेत आहे. माझ्या मते नवशिक्या मुलांच्या रविवारच्या गर्दीत पाचापेक्षा जास्त लेन एका माणसाकडे देऊ नयेत. घरी आरशासमोर उभे राहून ‘स्टॉप’ म्हणण्याचा सराव करावा, यात हसण्यासारखे काही नाही. आपल्याकडे मोठ्याने बोलणे म्हणजे रागावणे असा समज असल्यामुळे चांगली माणसे ही आज्ञा विनंतीसारखी म्हणतात आणि ती पहिल्या लेनच्या पुढे जात नाही.

रेंज उघडण्यापूर्वीची पाहणीही तुमचीच. टारगेटमागचा पडदा किंवा पोलादी सापळा फाटलेला किंवा वाकलेला नाही ना, टारगेटच्या बाजूचे दार आतून बंद आहे ना, प्रथमोपचाराची पेटी खरोखर भरलेली आहे ना, हे रोज पाहावे. छर्रा कठीण पृष्ठभागावर वेडावाकडा आपटला तर उलट येऊ शकतो, म्हणून फायरिंग लाइनवर, म्हणजे नेमबाज उभे राहतात त्या रेषेवर, चष्मा लावण्याचा आग्रह धरावा. एअर रायफलीचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा आणि अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो, पण तो सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने निघतो आणि डोळा जाण्यासाठी तेवढे पुरेसे आहे. छर्रे शिशाचे असतात, म्हणून लाइनवर खाणेपिणे नको, निघताना साबणाने हात धुवावेत, आणि जमीन कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, कारण झाडण्याने शिशाची धूळ हवेत उठते. डब्यातली पोळीभाजी रेंजवरच उघडणारे पालक तुम्हाला भेटतील. त्यांना बाहेर पाठवण्याचा अप्रिय भाग तुमच्याच वाट्याला येणार आहे.

आणीबाणीत कोण काय करणार, हे दिवसाच्या सुरुवातीलाच नावानिशी ठरवून ठेवावे. नेमबाजी कोण थांबवणार, जखमीजवळ कोण बसणार, १०८ ला फोन कोण करणार आणि घडले ते वेळेसह कोण लिहून ठेवणार, हे माहीत असले की धावपळ निम्मी होते. रुग्णवाहिकेला वाट दाखवायला फाटकावर कोण जाणार, हे मात्र सगळे विसरतात. आपल्याकडच्या कित्येक रेंज सोसायटीच्या तळघरात किंवा मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला आहेत आणि तेथवरचा रस्ता पत्त्यावरून सापडत नाही.

प्रश्न : मी सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. सेवेत शेकडो जवानांचे फायरिंग घेतले आहे. आता एका क्लबने .२२ रायफलच्या रेंजवर सुरक्षा अधिकारी म्हणून बोलावले आहे. मला वेगळ्या प्रशिक्षणाची गरज आहे का? (एक निवृत्त सुभेदार, खडकी)

उत्तर : सुभेदारसाहेब, आपल्याला जे येते ते आमच्यापैकी फार थोड्यांना येते. लाल झेंडा चढल्याशिवाय गोळी सुटत नाही, दिलेली काडतुसे, झाडलेल्या गोळ्या आणि गोळा केलेल्या पुंगळ्या यांचा हिशोब जुळल्याशिवाय कोणी रेंज सोडत नाही, ही शिस्त आपल्या हाडात आहे आणि .२२ च्या रेंजवर ती सर्वांत मोलाची आहे. .२२ ला आपल्याकडे ‘छोटी’ म्हणण्याची सवय आहे, पण तिची गोळी दीड किलोमीटरहून पुढे जाऊ शकते आणि पुण्यात रेंजच्या भिंतीपलीकडे दीड किलोमीटरमध्ये काय काय येते, हे आपल्याला सांगायला नको.

तरीही प्रशिक्षण घ्यावे, असेच मी म्हणेन. जवान आज्ञेची वाट पाहतो, तर खेळाडूला स्वतःचा वेळ स्वतः वापरण्याचा हक्क असतो. १० मीटरच्या स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक टारगेटवर त्याला साठ गोळ्यांसाठी ७५ मिनिटे मिळतात आणि त्या वेळात कधी झाडायचे, कधी बसायचे हे तो ठरवतो. अशा लाइनमागे सव्वा तास गप्प उभे राहून लक्ष ढळू न देणे, हे आज्ञा देण्यापेक्षा अवघड आहे. शिवाय बारा-तेरा वर्षांची मुले सैन्यातल्या आवाजाने गोठतात आणि गोठलेले मूल आवाजाकडे तोंड वळवते, तेव्हा नळीही त्याच्याबरोबर वळते. आपला आवाज मोठा राहू द्यावा, पण त्यातली धमकी काढून टाकावी आणि मूल चुकल्यास त्याच्या पाठीमागून नव्हे, तर बाजूने जवळ जाऊन बोलावे.

काडतूस न फुटण्याच्या प्रसंगी क्लबमधील लोकांना आपणच शिकवाल, तरी क्रम येथे नोंदवतो. चाप ओढूनही आवाज झाला नाही, तर नळी टारगेटकडेच धरून किमान तीस सेकंद थांबावे, कारण दारू उशिरा पेटू शकते. मगच बोल्ट उघडावा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर त्याहून जास्त जपावे. अशा वेळी गोळी नळीतच अडकलेली असण्याचा संभव असतो आणि तिच्या मागे दुसरी झाडली तर नळी फुटते. म्हणून दबका आवाज ऐकू येताच त्या लेनवरची नेमबाजी थांबवून नळी तपासल्याखेरीज पुढचे काडतूस भरू देऊ नये. बंदिस्त रेंजवर लाइनच्या पुढे न जळलेल्या दारूचे कण साचतात, तेही वेळोवेळी काढून घ्यावेत, कारण ते पेट घेतात.

कायद्याच्या बाबतीत एक गल्लत टाळावी. शस्त्र कायदा १९५९ चा असून त्याखालील सध्याचे नियम २०१६ चे आहेत, आणि परवाना मागणाऱ्याने शस्त्र-सुरक्षेचे प्रशिक्षण घेण्याची तरतूद त्यांत आहे. ते प्रमाणपत्र शस्त्र बाळगणाऱ्यासाठी आहे. इतरांवर देखरेख करण्याचे कौशल्य त्यातून येत नाही आणि ते दाखवून कोणी रेंज अधिकारीही होत नाही. स्पर्धांमध्ये काम करायचे असेल तर मार्ग राज्य संघटनेमार्फत राष्ट्रीय रायफल संघटनेच्या पंच-अभ्यासक्रमाकडे आणि तेथून पुढे आयएसएसएफच्या ‘बी’ आणि ‘ए’ परवान्यांकडे जातो. (ही राष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते, त्यांच्या नावाची स्पर्धा नेमबाजांना तोंडपाठ असते, पण त्या नावामागचा माणूस मराठी होता हे पुष्कळांना ठाऊक नसते.)

प्रश्न : अमेरिकेतील नॅशनल रायफल असोसिएशनचे ‘रेंज सेफ्टी ऑफिसर’ प्रमाणपत्र मी तेथे नोकरीला असताना घेतले होते. ते पुण्यात चालेल का? (एक अभियंता, हिंजवडी)

उत्तर : कागद म्हणून त्याला येथे अधिकार नाही, कारण ती संस्था अमेरिकेची आहे आणि आपल्याकडील रेंज व स्पर्धा भारतीय कायद्याने आणि राष्ट्रीय संघटनेच्या नियमांनी चालतात. शिकलेले मात्र वाया जात नाही. त्या अभ्यासक्रमातील रेंजची पाहणी, नेमबाजांना सुरुवातीला द्यायची तोंडी माहिती, अडलेली बंदूक हाताळणे आणि आणीबाणीतील कामांची वाटणी हे चारही भाग येथे जसेच्या तसे उपयोगी पडतात. पहिल्या उत्तरातील कामांच्या वाटणीचा क्रम मीही त्याच परंपरेतून उचललेला आहे. त्यातील पिस्तुलांचे आणि स्वसंरक्षणाचे संदर्भ बाजूला ठेवावेत आणि आयएसएसएफची नियमपुस्तिका नव्याने वाचावी. विशेषतः सेफ्टी फ्लॅगचा आग्रह आपल्या सवयीत बसलेला आहे का, हे तपासून पाहावे.

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला रेंजवरील अधिकाऱ्यांनी सर्वांदेखत लाइनवरून बाहेर काढले. तिची चूक एवढीच की, मैत्रिणीशी बोलण्यासाठी ती हातात पिस्तूल घेऊन मागे वळली. पिस्तूल रिकामे होते, ते तिनेही सांगितले. एवढी कठोर वागणूक योग्य आहे का? (एक वडील, बाणेर)

उत्तर : आपल्या मुलीला वाईट वाटले असणार आणि सर्वांदेखत झाल्याने ते अधिक बोचले असणार, हे मी समजू शकतो. तरीही अधिकाऱ्यांनी तिला बाहेर काढले ते योग्यच केले, आणि मी त्यांच्या जागी असतो तर तेच केले असते.

पिस्तुलाच्या बाबतीत आम्ही अधिक कडक असतो, त्याचे कारण पिस्तुलाच्या लांबीत आहे. रायफल घेऊन मागे वळायचे तर पूर्ण अंग वळवावे लागते, आजूबाजूच्यांना ते दिसते आणि सावध होता येते. पिस्तुलाचे तोंड मात्र मनगटाच्या एका वळणाने शेजारच्या लेनवरून फिरते आणि ज्याच्यावरून ते फिरते त्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून पिस्तूल हातात असताना नळी टारगेटकडे ठेवणे ही एकच गोष्ट मुलांच्या अंगवळणी पडेपर्यंत आम्ही दुसरे काही शिकवत नाही. ते रिकामे होते, असे आपण लिहिता. ते खरेही असेल. पण त्या क्षणी ही गोष्ट तिच्याखेरीज कोणी पाहिलेली नव्हती आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या मुलांना तिच्या शब्दावर उभे करणे हे अधिकाऱ्यांच्या हातात नव्हते. अपघाताच्या बातम्यांत ‘बंदूक रिकामी समजून’ हे शब्द आपण किती वेळा वाचतो ते आठवावे.

मला खटकते ते दुसरेच. पत्रावरून असे दिसते की, बाहेर काढल्यानंतर तिच्याशी कोणी बोलले नाही. लाइनवर असताना वाद घालायचा नसतो, स्पष्टीकरण द्यायचे नसते, फक्त थांबवायचे असते. पण लाइन मोकळी झाल्यावर अधिकाऱ्याने पाच मिनिटे काढून त्या मुलीला काय घडले ते शांतपणे दाखवायला हवे होते, तिच्या हातात सेफ्टी फ्लॅग घातलेले पिस्तूल देऊन वळून दाखवायला सांगायला हवे होते, म्हणजे नळी कोणाकोणावरून फिरली हे तिने स्वतः पाहिले असते. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात हा भाग बहुतेक ठिकाणी गाळला जातो. आपण त्यांना भेटलात तर शिक्षेबद्दल तक्रार करू नये, या राहून गेलेल्या पाच मिनिटांबद्दल जरूर विचारावे. आणि तिला पुढच्या आठवड्यात परत पाठवावे.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांचा असून बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात सराव करतो. रेंज अधिकाऱ्याचे काम शिकण्याची इच्छा आहे, पण त्याने माझा सराव बिघडेल अशी भीती वाटते. (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, औंध)

उत्तर : १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते संकुल उभारले गेले आणि २००८ मध्ये तेथेच राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, त्या वेळी लाइनमागे काम शिकलेल्यांपैकी काही जण आजही आपल्याला तेथे दिसतील. त्यांच्याकडे जाऊन मदतनीस म्हणून घ्या अशी विनंती करणे हा पहिला मार्ग, आणि आपल्या वयात तोच योग्य आहे. टारगेट बदलणे, नोंदी ठेवणे, आज्ञा पुकारणाऱ्याच्या शेजारी उभे राहणे अशा कामांपासून सुरुवात होते. सराव बिघडत नाही, उलट दुसऱ्याच्या घाईचे निरीक्षण करताना स्वतःची घाई दिसू लागते, असा माझ्या ओळखीच्या दोन-तीन नेमबाजांचा अनुभव आहे. मात्र ज्या दिवशी अधिकारी म्हणून उभे राहाल त्या दिवशी आपली रायफल घरी ठेवून यावे. मधल्या सुटीत चार गोळ्या झाडून घेऊ असे प्रत्येकाला वाटते. आणि त्या चार गोळ्या झाडत असताना आपल्या पाठीमागे कोण उभे आहे, हे कोणीच पाहिलेले नसते.